दिव्यासाठी हिंडलेले बेलीफसाहेब

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की ते आधी आतल्या दाराकडे बघायचे आणि विचारायचे, "आत आणखी काय आहे?"

जन्मभर कोर्टात बेलीफ होते, जप्तीला जायचे. नोकरी संपली तरी नजर तीच राहिली. अशा माणसाला आमच्या दवाखान्याच्या कमिटीनं मदत मागायला पाठवावं, म्हणजे कमालच म्हणायची. बरोबर मला जोडून दिलं, कारण मी हैदराबादला जामबागेतल्या शाळेत शिकवत होते आणि बायका मला दार उघडायच्या.

दवाखान्याला ऑपरेशनचा मोठा दिवा हवा होता, सावली न पाडणारा. तो नव्हता म्हणून डॉक्टर पोटाच्या ऑपरेशनला हात लावत नसत. त्याच सुमाराला हैदराबाद राज्याचे तुकडे पडले आणि मराठी कारकुनांच्या बदल्या औरंगाबादकडे लागल्या. जाणाऱ्यांनी जड सामान मागे ठेवावं, आम्ही ते विकून दिवा आणावा, असं ठरलं.

आता गंमत बघा, बेलीफसाहेब गल्लीत शिरले की लोक सवयीनं भांडी माळ्यावर चढवायचे. हिमायतनगरात एका वकिलीणबाईंनी तर पितळी समईवर चादर टाकली आणि स्वतः तिच्यापुढे बसल्या.

"काकू, दवाखान्यासाठी आलोय," मी म्हटलं.

"हौ, पण हे का आलेत?"

"ती समई असू द्या," साहेब चादरीकडे बघत म्हणाले. "ते कपाट द्या." कपाट मिळालं.

वाटेत मला हसू आवरेना. ते हसले नाहीत. त्यांचा माझ्यावरही भरवसा नव्हता. मी केलेली सामानाची यादी रोज पुन्हा वाचायला लावायचे. मलाही त्यांचा संशय होताच. एवढ्या उन्हात एवढी पायपीट फुकट कोण करतं?

मग डॉक्टरांकडून कळलं, यांच्या बायकोच्या पोटात गाठ आहे. माझं डोकंच फिरलं. अंबरपेठेत भर रस्त्यावर विचारलं, "दिवा सगळ्यांसाठी म्हणून सांगता आणि हवाय तुमच्या घरासाठी, होय ना?"

"होय, बाई," ते म्हणाले. "ज्याचं काहीच अडलेलं नाही, असा माणूस उन्हात हिंडला असता, तर मी त्याच्यावर नजर ठेवली असती."

माझा राग काही गेला नाही. कमिटीतही कुजबुज होतीच की पहिला नंबर यांच्याच घरचा लागणार.

दिवा आला. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोचंच नाव आधी घेतलं. "बाकीच्यांचं होऊ द्या," साहेब म्हणाले. "लोक बोलतात." दोन रुग्ण पुढे गेले, मग आणखी एक. मी समोरच होते आणि मला ते योग्यच वाटलं, याची आजही लाज वाटते. बायकोचा नंबर लागण्याआधीच तिला ताप भरला आणि चार दिवसांत ती गेली.

पुढे ते नांदेडला लेकीकडे राहायला निघाले. जायच्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी आले आणि विकायचं उरलेलं सामान ठेवलेल्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"कमिटीत कुणाकडे तरी द्या ना," मी म्हटलं.

"ते पाठीमागे बोलले. तुम्ही तोंडावर विचारलंत. तुमच्याकडेच राहू द्या."

घंटा झाली होती, मुली वर्गात चालल्या होत्या. मला माफी मागायची होती. मी म्हटलं, "गाडी किती वाजताची आहे?"