उजव्या चाकाचा ठोकळा

सकाळच्या फोनची मला फार जुनी धास्ती आहे. दूधवाल्याचा फोन आला तरी मी आधी खुर्चीत बसतो आणि मग उचलतो, यावरून सुमन, माझी बायको, अजून माझी चेष्टा करते. त्या दिवशी मात्र बसायला वेळ मिळाला नाही. पलीकडे श्रावणभाऊचा धाकटा मुलगा होता. एरवी माझ्याशी मराठीत बोलणारा हा पोरगा, पण त्या वेळी त्याच्या तोंडून हिंदीच आली. "काका... पापा नहीं रहे." मी "हो, हो" एवढंच म्हणत राहिलो. मग फोन ठेवला आणि गॅस बंद आहे का ते बघून आलो. का बघितलं, ठाऊक नाही. घाबरलो की मी हेच करतो.

आता त्याला काही आठवडे झाले. त्याआधी थोडेच दिवस मी भिलाईजवळच्या कोहक्याला त्याच्या घरी जाऊन आलो होतो. दारापाशी खाटेवर बसला होता, अंगात बनियन, हातात सुपारीचा अडकित्ता. मला पाहताच म्हणाला, "ये वासुदेवा, आज कशाचं टेन्शन घेऊन राहिला?" मी म्हटलं, तुझ्या तब्येतीचं. तो खूप हसला. "मले काही नाही झालं, अन् तू तिकडे अर्धा झाला." आमची सगळी दोस्ती या एका वाक्यात बसते. त्याला कशाचंच भय नव्हतं आणि मला कशाचंही असायचं, आणि आमचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण याच गोष्टीवरून झालं.

आमच्या तरुणपणी भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता. जिकडे बघावं तिकडे खड्डे, क्रेन, लोखंड आणि लाल माती. आमच्या भंडाऱ्याकडची माणसं झुंडीनं येत होती आणि ठेकेदाराच्या हाताखाली लागत होती. श्रावणभाऊ आणि मी मात्र कारखान्यात नव्हतो. गावाबाहेर एक धावपट्टी होती, तिथं एका खाजगी हवाई कंपनीचं दोन पंख्यांचं विमान नागपूरहून यायचं, इंजिनिअर लोकांना आणि मशीनचे नाजूक भाग घेऊन. आम्ही त्या कंपनीचे जमिनीवरचे कामगार. सामान उतरवायचं, पिंपातलं तेल हातपंपानं पंखात भरायचं, पट्टीवरची गुरं हाकलायची. गावी गेलो की लोक विचारत, विमानात बसला का? आम्ही सांगायचो, विमान आमच्या परवानगीशिवाय हलत नाही. ही फुशारकी होती, पण अगदीच खोटी नव्हती.

विमान उभं राहिलं की त्याच्या दोन्ही मोठ्या चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवायचे, म्हणजे ते घरंगळत नाही. उजवं चाक श्रावणभाऊचं, डावं माझं. ज्यानं ठोकळा लावला त्यानंच तो काढायचा, हा आमचा नियम. कंपनीच्या साहेबानं सांगितलं तरी दुसऱ्याच्या ठोकळ्याला हात लावायचा नाही, कारण चाकाखाली कोण आहे आणि कोण नाही हे फक्त ठोकळेवाल्यालाच माहीत असतं. पंखे सुरू झाले की दोरीनं ठोकळा ओढायचा, बाजूला यायचं आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरून पायलटला दाखवायचा. दोन्ही ठोकळे दिसले की पायलट समजायचा, वाट मोकळी आहे, आता जा. नवीन असताना मी रोज घरी येऊन सुमनला विचारायचो, मी आज ठोकळा दाखवला ना गं? जणू ती तिथं हजर होती!

कारखान्याच्या मजुरांमध्ये तेव्हा युनियनचं वारं होतं. पावर हाउस नावाच्या वस्तीतल्या बाजारात संध्याकाळी झेंडे दिसायचे, सभा व्हायच्या. त्यातला एक कार्यकर्ता आमच्याकडेही येऊन गेला, आणि आम्ही सातआठ जणांनी तिथल्याच एका चहाच्या हॉटेलात वाद घालायला सुरुवात केली. रोज तोच वाद आणि तोच चहा. आमच्यातला डोमाजी, जो पंखावर चढून तेल भरायचा, तो पक्का युनियनवाला. "ठेकेदाराच्या लोकायले टोपी भेटली, जोडे भेटले, सावलीले शेड भेटलं," तो म्हणायचा, "ते काय साहेबानं मायेनं देल्लं काय? मी अजून चिंध्या बांधून तापल्या पंखावर चढून राहिलो."

श्रावणभाऊ विरोधात. "आपण मूठभर मानसं. युनियनवाला येईन, भाषन देईन, सायकलवर बसून निघून जाईन. साहेबाशी सरळ बोलाव. ज्याले तोंड नाही त्याले युनियन पायजे. मले तोंड आहे."

"तुले आहे भाऊ," मी म्हटलं, "मले कुठं आहे? साहेबासमोर गेलो की माझी बोबडी वळते."

"म्हंजे तुले भेव वाटते म्हनून तुले युनियन पायजे!"

"अन् तुले वाटत नाही म्हनून तुले ते समजत नाही."

सगळे हसले, पण आम्ही दोघं हसलो नाही. परत जाताना तो सायकल पुढं काढून एकटाच गेला. मला रात्रभर वाटत राहिलं की याची दोस्ती तुटली. वर आणखी एक काळजी होती. हा वाद साहेबाच्या कानावर गेला तर? सुमनचे दिवस भरत आले होते आणि आमची टिनाची खोली कंपनीची होती. नोकरी गेली की त्याच दिवशी खोली जाणार, हे मला झोपेतही पाठ होतं.

मग तो दिवस आला. उन्हाळा, दुपार, पंख इतका तापलेला की त्यावर पाणी टाकलं तर वाफ व्हावी. डोमाजीच्या पायाची चिंधी तेलात भिजली आणि तो घसरून डोक्यावर पडला. ठेकेदाराच्या दवाखान्यातला डॉक्टर जीप घेऊन आला, त्यानं पट्टी बांधली आणि सांगितलं, याला आजच नागपूरला न्या, इथं माझ्याच्यानं होणार नाही. डोमाजी मालाच्या शेडच्या सावलीत पडला होता, मधूनच उलटी करत होता आणि कानातून रक्त येत होतं. समोर विमान उभं. तासाभरात नागपूरलाच जाणार होतं, आणि त्यात जागा रिकाम्या होत्या.

श्रावणभाऊ साहेबाकडे गेला. तोंड होतं ना त्याला. मी बाहेरून ऐकत होतो. तो आधी सभ्यपणे बोलला, मग हात जोडले, मग आवाज चढवला. साहेबाचं एकच पालुपद, "बिना ऑर्डर के स्टाफ नहीं बैठेगा. ऊपर खबर भेज दी है, जवाब आने दो." श्रावणभाऊ बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मी पूर्वी कधी न पाहिलेला होता. त्याला पहिल्यांदाच काय करावं ते सुचत नव्हतं. हाच घाबरला तर आम्ही कोणाकडे बघायचं?

मोठे इंजिनिअर जिन्यावरून वर गेले, दार लागलं, पंखे सुरू झाले. आम्ही आपापल्या चाकाशी. साहेबानं हात केला. मी उजवीकडे बघितलं, तर श्रावणभाऊ ठोकळ्याची दोरी पायाखाली दाबून उभा. हात मागे बांधलेले. साहेब धावत त्याच्याकडे गेला, ओरडला, पंख्यांच्या आवाजात काही ऐकू येईना. मग तो माझ्याकडे आला आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "तुम निकालो! दोनों!"

लोक नंतर म्हणाले, वासुदेवनं हिंमत दाखवली. कसली हिंमत! माझ्या डोळ्यांसमोर सुमन होती, टिनाची खोली होती, आणि माझे पाय जमिनीला खिळले होते. उजवा ठोकळा माझा नव्हता, तो मी काढू शकत नव्हतो. आणि डावा काढायला वाकावं तर कंबर वाकेना. मी नुसताच उभा राहिलो. साहेबानं बाकीच्यांना बोलावलं. एक जण म्हणाला, "साहेब, आमचा नाही तो ठोकळा." दुसराही तेच म्हणाला. कोणी भाषण दिलं नाही, घोषणा दिली नाही.

उन्हात इंजिनं तापायला लागली तसं पायलटनं पंखे बंद केले आणि तो खाली उतरला. काय झालं ते त्यानं विचारलं, शेडकडे बघितलं. वरून एका इंजिनिअरनं खिडकीतून घड्याळ दाखवलं. साहेबानं रुमालानं मान पुसली आणि "ले जाओ" म्हणत हात झटकला. आम्ही डोमाजीला पाठीखाली दोन्ही बाजूंनी हात घालून वर चढवलं. पंखे पुन्हा सुरू झाले. श्रावणभाऊनं आपला ठोकळा काढला, मी माझा, आणि दोघांनी डोक्यावर धरून दाखवले. माझा इतका हलत होता की पायलटला हसू आलं असेल.

दुसऱ्या दिवशी श्रावणभाऊला कामावरून काढलं, हे अपेक्षितच होतं. संध्याकाळी हॉटेलात तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. "तुमी उद्या कामावर जा," तो म्हणाला, "माह्या मांगं येऊ नोका. एकाची भाकर गेली तं गेली. वासुदेवाच्या घरी पाळना हालनार आहे."

मला राग आला. मला राग फार क्वचित येतो, भीतीतून त्याला जागाच मिळत नाही. "काल तू एकट्यानं इमान थांबवलं काय?" मी म्हटलं. "तुह्यं तोंड तं साहेबासमोर चाललं नाही. आमी हात लावला नाही म्हनून तुहा ठोकळा राहिला. आता कावून एकटा जातं?"

त्यानं कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मग म्हणाला, "हो बाप्पा... ते तं खरं आहे."

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळेच फाटकाबाहेर उभे राहिलो, श्रावणभाऊ मधोमध. ऊन वाढत गेलं. माझं डोकं एकाच हिशोबात अडकलं होतं, खोली रिकामी करायची झाली तर सुमनला कोणाकडे ठेवायचं. विमान आलं, एक घिरटी घालून उतरलं, आणि चाकांना ठोकळे लावायला कोणी नाही. शेवटी साहेब स्वतः टाय खांद्यावर टाकून वाकला. त्यानं दोन्ही ठोकळे एकाच चाकाला लावले! आम्हाला हसावं की रडावं कळेना. सामान उतरवायला, तेल भरायलाही कोणी नव्हतं; दुपारनंतर त्यानं आम्हाला आत बोलावलं. पायलटनं आणलेला निरोप एवढाच होता की डोमाजी शुद्धीवर आहे. आणि श्रावणभाऊला कामावर परत घेतलं.

डोमाजी वाचला, एक कान मात्र कायमचा गेला. युनियन झाली. सगळ्यांनी श्रावणभाऊला सेक्रेटरी करायचं ठरवलं तर तो म्हणाला, "मले नोका करू. मी एकटाच बोलून मोकळा होईन. ज्याले भेव वाटते त्याले करा, तो सगळ्यायले संग घेऊन जाईन." असा मी सेक्रेटरी झालो, आणि पुढची कित्येक वर्षं माझी झोप उडाली ती त्याच्यामुळे. नंतर कंपनीनं तिथलं विमान बंद केलं, आम्ही कारखान्यात लागलो, पोरं मोठी झाली. निघताना जुने ठोकळे भंगारात टाकले होते, त्यातला आपला त्यानं उचलून आणला आणि कोहक्याच्या घराचं दार उघडं राहावं म्हणून त्याखाली लावला. सकाळी उठून दार उघडायचं आणि ठोकळा सरकवायचा, झोपताना काढायचा. नातवंडांनाही हात लावू देत नसे. "ज्यानं लावला त्यानंच काढाव," हे वाक्य त्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

परवा यमुनावहिनींना, त्याच्या बायकोला, भेटायला गेलो. दार सताड उघडं, ओसरीवर धुळीचा थर, खाट उभी करून ठेवलेली. ठोकळा दाराखाली तसाच होता. शेवटच्या सकाळी त्यानं लावलेला. मी विचारलं, रात्री दार उघडंच ठेवता? माझ्या डोक्यात लगेच चोर, कुत्री, साप सगळं येऊन गेलं. वहिनी म्हणाल्या, "पोरगा तिथंच निजते, दाराशी. काढाव म्हनते, पन कोनाचा हात होत नाही. त्यायचा आहे ना तो..."

मी ओसरीवर खाली बसलो. लाकूड गुळगुळीत झालेलं, दोरीच्या भोकाशी त्याच्या बोटांचा काळा डाग. इतकी वर्षं शेजारच्या चाकाशी उभा राहिलो, पण उजव्या ठोकळ्याला मी कधी हात लावला नव्हता. आता ओढला तर सहज आला. दार हळूच मागं सरकलं. मी उठलो, अंगणात आलो आणि ठोकळा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

"कोनाले दाखवून राहिले, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

थोडा वेळ मी तो तसाच वर धरून ठेवला.