एकशे वीसचा खण

वीज गेल्यावर लागणारे दिवे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात रंगमावशी बावीस वर्षं सुटे पार्ट निवडत होत्या. रेझिस्टरवरच्या बारीक रंगीत पट्ट्यांवरून आकडा वाचायचा, प्रत्येक रंगाचा एक अंक, आणि तो रेझिस्टर त्या आकड्याच्या खणात टाकायचा. आकडा मोजणाऱ्या मीटरला त्यांनी कधी हात लावला नाही. ‘‘मीटर आंधळ्यांसाठी,’’ म्हणायच्या. ताठा होता खरा, पण त्या कधी चुकत नसत, म्हणून खपून जायचा.

नव्या बायकांना धडाही त्याच द्यायच्या. ‘‘रेझिस्टर म्हणजे सासू. विजेला जाऊ देतो, पण अडवून अडवून. कपॅसिटर म्हणजे नणंद. स्विच बंद केला तरी वीज पोटात ठेवतो, हात लावाल तर झटका. आणि कॉइल म्हणजे आमचे हे. बदल म्हटला की हटून बसतात.’’

यंदा धडा ऐकणाऱ्यांत त्यांची धाकटी जाऊ होती. दोन वर्षांपूर्वी चुली वेगळ्या झाल्या, तेव्हापासून दोघींत विस्तव जात नव्हता. दीर आजारपणामुळे घरी बसले होते. तीन महिन्यांच्या उमेदवारीनंतर जाऊ पक्की झाली तरच त्यांचं घर चालणार होतं.

चार दिवस उरले असताना तिने जोडलेले अकरा दिवे काजव्यासारखे मिणमिणले. सुपरवायझरने एकातला रेझिस्टर काढून मीटरला लावला. विजेला अडवण्याचा आकडा एकशे वीसच्या जागी दहा हजार.

‘‘मी एकशे वीसच्याच खणातून घेतले हो,’’ जाऊ म्हणाली.

‘‘खण मावशी भरतात. तिथे चूक होत नाही. उद्यापासून येऊ नका.’’

ती डबा पिशवीत भरू लागली. मावशींनी त्या खणातला एक रेझिस्टर उचलला. तपकिरी, तांबडा, काळा, काळा, तपकिरी. एकशे वीस. सहज उलटा धरला. तपकिरी, काळा, काळा, तांबडा, तपकिरी. दहा हजार. जुन्या मालात एका टोकाला सोनेरी पट्टा असे. तो उजवीकडे ठेवून वाचायचं, एवढंच त्यांना ठाऊक. नव्या मालाची दोन्ही टोकं तपकिरी होती.

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. क्षणभर त्यांनी तो परत खणात टाकलाही.

मग म्हणाल्या, ‘‘साहेब, मीटर द्या जरा.’’

बायकांचे हात थांबले. मावशींनी खण टेबलावर ओतला आणि एकेक लावून मोठ्याने वाचू लागल्या. दहा हजार. दहा हजार. सातवा झाल्यावर थांबल्या.

‘‘मी उलट्या टोकाने वाचले. हिची काही चूक नाही. काढायचं तर मला काढा.’’

सुपरवायझरने कुणालाच काढलं नाही. दारात चपला घालणाऱ्या जावेला त्याने हातानेच परत बोलावलं.

जाऊ जागेवर बसली, रिकामा खण पुढे ओढला.

‘‘ताई,’’ ती वर न बघता म्हणाली, ‘‘मीटर मधे ठेवा. तुमचे मी तपासते, माझे तुम्ही तपासा.’’

दोन वर्षांत ती मावशींशी पहिल्यांदाच बोलली होती. मावशींनी मीटर मधोमध सरकवला.