तारेला बांधलेला टॅब

बाहुलीमावशीच्या मांडीवर मूल रडलंय, असं तीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. खेळण्यांच्या दुकानातल्या मागच्या खोलीत बसून ती चिंध्यांच्या बाहुल्या शिवायची. मूल आलं की त्याच्या हातात बाहुली द्यायची आणि बोटं आपणहून सैल होईपर्यंत परत मागायची नाही. "पोराच्या हातातून काही ओढून घेणं मला जमायचं नाही," असं मालकाला तोंडावर सांगायची. बाई जिभेची फटकळ, पण हाताची हलकी.

मग दुकानात मुलांचे महागडे टॅब आले. बाहुल्या माळ्यावर गेल्या आणि मावशी दाराजवळच्या टेबलाशी बसली. दाखवायचा टॅब कुणी पळवू नये म्हणून मालकाने तो बारीक पोलादी तारेने टेबलाला बांधला होता. मावशीला काम एकच. मुलाला मांडीवर घ्यायचं, खेळ लावून द्यायचा आणि ते अगदी रंगात आलं की बटण दाबून पडदा बंद करायचा. मूल आकांत मांडायचं, आईबाप चारचौघांत कानकोंडे व्हायचे आणि निमूटपणे नवा टॅब उचलायचे. "मुलांचा विश्वास आहे हो तुमच्यावर," मालक गोड हसून म्हणायचा. आग लागो त्या हसण्याला! मावशीला कळत नव्हतं असं नाही. पण या वयात तिला दुसरीकडे दारात तरी कोण उभं करणार होतं? रोज कुठल्या ना कुठल्या पोराला आईबापांकडून थोबाडीत बसायची आणि मावशी मान खाली घालून पडदा पुसायची.

त्या दिवशी एक ट्रकचालक चार वर्षांच्या लेकीला घेऊन चेंडू घ्यायला आला. मुलगी थेट मावशीच्या मांडीवर चढली. खेळता खेळता तिने ती तार मनगटाभोवती तीन-चार वेळा गुंडाळली. बाहुलीच्या लोकरी वेणीशी मुलं असाच चाळा करायची, म्हणून मावशीला त्यात वावगं वाटलं नाही. तिथेच तिची चूक झाली.

तिने बटण दाबलं. मुलीने किंचाळून डोकं मागे आपटलं, ते मावशीच्या हनुवटीवर बसलं आणि तिची जीभ दाताखाली चिरडली. बापाने लेकीला सणसणीत लगावली, दंड धरला आणि हिसडा मारला.

"थांबा! हाताला तार अडकलीय तिच्या!" मावशी ओरडली.

"तुम्हीच लावता ही चटक! सरका बाजूला!"

त्याने पुन्हा ओढलं, सगळा जोर लावून. तार मांसात शिरली. टेबलावर रक्ताची चिळकांडी उडाली, तरी त्याला वाटलं पोरगी टॅबसाठीच गळा काढतेय. मावशीच्या कमरेला कापड कापायची कात्री अजून असायची. तिने ती उपसून त्याच्या हातात खुपसली. त्याची पकड सुटली. त्याने दुसऱ्या हाताने मावशीच्या कानशिलात अशी बुक्की हाणली की ती टेबलावर कोसळली. दोन गिऱ्हाइकांनी त्याला भिंतीशी दाबून धरलं. तेव्हा कुठे त्याला लेकीचं मनगट दिसलं आणि तो तिथेच खाली बसला.

मावशीने वेढे सोडवले, जखमेवर फडकं दाबलं. पण मुलगी हातपाय झाडत होती आणि प्रत्येक झटक्याला रक्त भळभळत होतं.

"ॲम्ब्युलन्स येतेय, तिला हलू देऊ नका!" मालक फोन कानाला लावून ओरडला.

मावशीने थोपटलं, गाणं म्हटलं, हातापाया पडली. कुणीतरी माळ्यावरून बाहुली काढून दिली. मुलीने ती लाथेने उडवली. तिचे ओठ पांढरे पडू लागले.

"मावशी, तो टॅब लावा ना!" भिंतीशी बसलेला बाप रडत म्हणाला. "पाया पडतो, लावा!"

मावशीने रक्ताळलेल्या बोटाने बटण दाबलं. पडदा उजळला. मुलगी गप्प झाली, अंग सैल सोडून मावशीच्या छातीशी टेकली आणि चांगल्या हाताने खेळू लागली. हळूहळू रक्त थांबलं. मावशीला मात्र हुंदका आवरेना, तिचं सगळं अंग गदगदत होतं.

"आजी, हलू नकोस ना," मुलगी वर न पाहता म्हणाली. "मला दिसत नाहीये."