निळीच्या व्हालखाली

लग्न होऊन कासारवाडीच्या भाड्याच्या खोलीत आले तेव्हा मला वाटलं होतं, नवरा संध्याकाळी घरी येतो आणि कारखाना पिंपरीलाच राहतो. तसं नसतं. आमच्या ह्यांच्याबरोबर कारखानाही घरी यायचा: नखांत, कानांत, आणि रविवारी चहाला येणाऱ्या मित्रांच्या तोंडून. मी स्टोव्हपाशी गप्प बसून ऐकायची. वर्षभरात इतकं साठलं की आता थोडं सांगून टाकलेलं बरं.

कारखाना कपड्यांना द्यायच्या निळीचा. वर पत्र्याची कोठी, खाली पिंप, मध्ये व्हाल. व्हाल म्हणजे नळात बसवलेली गोल ताटली. दांडी फिरवली की ताटली उभी होते, पूड खाली पडते. उलटी फिरवली की बंद. हे तिथे फिटर, अजून टेंपररी. व्हाल ह्यांच्या ताब्यात. पण व्हालाचं आणि पिंपाचं तोंड जुळायचं नाही. फटीतून धुरळा उडायचा आणि माणसं निळं खोकायची.

*

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी हे कामावर गेले. मानेवरची हळद पुरती उतरली नव्हती. त्यात घाम, त्यात नीळ. दुपारपर्यंत मान हिरवीगार!

फोरमन कदममामा भोसरीचे. त्यांनी ह्यांना उजेडात नेऊन नीट बघितलं.

“लगीन माणसाशीच लागलंय न्हवं? का पोपटाशी?”

*

हवा दमट झाली की पूड कोठीतच चिकटून बसायची. मग लाकडी हातोड्याने कोठीला तीन ठोके. कदममामांचा नियम एकच: आधी व्हाल बंद, मग ठोके.

दापोडीचे इस्माइलभाई वेल्डर. एकदा घाईत त्यांनी व्हाल उघडा असतानाच ठोकलं. कोठीतली सगळी पूड एकदम खाली आली. मॅनेजरसाहेब धावत आले. धुरळ्यात चार निळे पुतळे उभे.

“ड्यूटीवर कोण होतं?”

कदममामा म्हणाले, “सायब, पुसल्याबिगर सांगता येत न्हाई.”

*

शेडमागे एका शेतकऱ्याचं घर. वाळत घातलेल्या धोतरांवर नीळ उडाली म्हणून तो भांडून गेला. साहेबांनी त्याची माफी मागितली.

आठवड्याने त्याची शेजारीण फाटकाशी हजर. “त्यांची धोतरं लई पांढरी निघाली. आमच्या बाजूला नीळ कवा सोडता?”

*

मग मुंबईहून मोठे साहेब यायचं ठरलं. त्यांनी आधीच कळवलं होतं, “मी पांढऱ्या सुटात व्हालखाली, पिंपाला लागून उभा राहीन. सुटावर डाग पडला तर फिटर बदला. नाही पडला तर कायम करा.”

ह्यांनी फटीसाठी रबरी बाही मागवली होती. ती काही आली नाही. रविवारी हे ताटावरून तसेच उठले.

“गावी परत जायची तयारी ठेव,” म्हणाले.

मी ट्रंकेतून मांजरपाटाचा नवा परकर काढला. खालचा घेर कापून मापात आणला, त्यालाही नाडी ओवली आणि ह्यांच्यापुढे ठेवला.

“एक नाडी व्हालाला बांधा, एक पिंपाला.”

“अगं, लोक काय म्हणतील?”

“लोकांना सांगतंय कोण?”

इतकं मी त्या घरात पहिल्यांदाच बोलले असेन.

*

मोठे साहेब आले, व्हालखाली उभे राहिले. ह्यांनी दहा वेळा व्हाल उघडला, दहा वेळा बंद केला. दर वेळी कापड फुगायचं आणि बसायचं. सूट पांढराच राहिला. इस्माइलभाई नंतर म्हणाले, “वहिनी, तेवढा वेळ आम्ही कुणी खोकलोसुद्धा नाही.”

साहेबांनी कापडाला हात लावला. “कुठला मेक?”

ह्यांची मान खाली. कदममामा म्हणाले, “लोकल, सायब.”

त्याच दुपारी ह्यांच्या कायम होण्याच्या कागदावर सही झाली.

*

दोन दिवसांनी कदममामा आमच्या दारात उभे. आत या म्हटलं तर येईनात. टोपी हातात, नजर उंबऱ्यावर.

“सूनबाई, ती कापडी बाही हाय न्हवं... सायबांनी आनखी पाच मागवल्यात. त्याच मापाच्या.”

मामांनी घसा साफ केला.

“आमी आदी घरीच बगितलं व्हतं. पर आमच्या मंडळींचा त्या व्हालाला लई ढिला व्हतोय.”