माठावरचं झाकण

धावून आली की माझी मुलगी संत्र्याच्या वासाची पावडर पाण्यात कालवते आणि लगेच घोटघोट पिते. तिला तशी पिताना बघून मला मनोरच्या शाळेचं मैदान आठवतं. घाम सुकेपर्यंत पाणी प्यायचं नाही, हा आमच्या सरांचा नियम. कुठून काढला होता देव जाणे! शर्यतीच्या दिवशी माठावर राखणीला मी होते. शर्यत जिंकलेली देवकी, डोंगरपाड्यावरची माझी मैत्रीण, समोर येऊन मटकन बसली. ओठ पांढरेफटक.

"घोटभर पानी दे ना गं. सरांना नाय सांगनार."

मी झाकण घट्ट दाबून धरलं. ती तिथेच कोसळली. त्यानंतर ती मैदानावर आलीच नाही. सरांनी मात्र मला शिस्तीची मुलगी म्हणून शाबासकी दिली, आणि ती मी त्याच संध्याकाळी आळीभर सांगत फिरले.