वाळ्याच्या मुळ्या

काल कूलरला वाळ्याची नवी ताटी लावली आणि त्या वासाने सासरे आठवले. एका मे महिन्यात ते तापातून उठले होते, पण तोंडाला चव नाही म्हणून पाणीच पीत नव्हते. प्यायले नाहीत तर पुन्हा दवाखान्यात न्यावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूबाईंनी कुंपणालगत शोभेसाठी वाळ्याचं गवत लावलं होतं, त्याचं पातंही कुणाला तोडू देत नसत. त्या दुपारी त्यांनीच माझ्याकडून कुदळ मागवली. मुळ्या हव्या तर अख्खं ठोंब उपटावं लागतं. तापलेल्या मातीत आम्ही दोघी खणत बसलो आणि निघाल्या त्या मूठभर, कोवळ्या. पाण्याला वास लागावा म्हणून मी त्या धुऊन माठात टाकल्या. संध्याकाळी सासऱ्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "मातीचा वास येऊन राहिला वं." "मंग मातीच प्या जी," सासूबाई म्हणाल्या, "दुसरं ठोंब उपटाची ताकद नाही राहिली." ते हसले आणि पेला रिकामा केला. उपटलेलं गवत छाटून मी परत लावलं आणि आत आले, तर सासूबाई मातीच्या हातांनी तशाच झोपल्या होत्या. तेव्हा मला ते गबाळं वाटलं होतं. हल्ली बाहेरून आल्यावर मीही चपला न काढताच खुर्चीत बसून राहते.