अवमान कोणाचा?

अंबडच्या कारखान्यातली ती मॅनेजरची नोकरी आठवली की गेटवर उभा राहणारा, कामावरून काढलेला एक टर्नर डोळ्यांसमोर येतो. त्याला महिन्याभरात परत कामावर घेऊ, अशी तडजोड औद्योगिक न्यायालयात झाली होती. कंपनीतर्फे सही माझी होती. नंतर वरून तोंडी हुकूम आला, "लटकवा." मी लटकवलं.

तो रोज सायखेड्याहून इस्त्रीचा गणवेश घालून, डबा घेऊन यायचा.

"दादा, आजबी डबा?" वॉचमन चिडवायचा.

"आन गेट उघडलं तर? उपाशी काम करू व्हय?" तो हसायचा आणि माझ्या गाडीला नमस्कार करायचा. मी काच वरच ठेवायचो.

शेवटी त्याने अवमान याचिका टाकली. सुनावणीच्या दिवशी व्हरांड्यात तो हळूच म्हणाला, "साहेब, वकील म्हणत्यात अवमान कोर्टाचा झाला. पण गेटवर तर रोज मी हुबा व्हतो ना?"

मी आत जाऊन न्यायालयाची बिनशर्त माफी मागितली. न्यायाधीशांनी ती मान्य केली आणि तो कामावर आला. पुढे कितीतरी वर्षं आम्ही एकाच कँटीनमध्ये जेवलो. तो मला आग्रहाने घरची मिरचीची चटणी वाढायचा. मी ती खायचो, पण त्याची माफी मागायची राहूनच गेली.